दुय्यम माल

चर्चच्या दुकानातून साडेतीन पौंडांना आणलेली बॅग
ग्लेनिस ट्रँटर आधी नुसती हुंगते.
ओल, तंबाखू, पेपरमिंट,
आणि खाली, खूप खाली, गाय.
मग अस्तर जिभेसारखं बाहेर ओढून
झटकते त्यातला चुरा:
बिस्किटाचा, पेन्सिलीचा, कुणाच्या तरी घाईचा.

वॉल्सॉलला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं.
टेबलावर जुना टॉवेल, बशीत व्हिनेगर आणि पाणी,
दात घासण्यातून निवृत्त झालेला ब्रश.
बुरशी दाराबाहेर झाडायची,
नाहीतर ती घरात बिऱ्हाड करते.
साबण थोडाच.
कातड्याला आंघोळ घालायची नसते गं,
तोंड पुसायचं असतं, तापातल्या मुलाचं पुसतो तसं,
हे ती शेजारच्या प्रियाला सांगते; प्रियाचं लक्ष फोनमध्ये.
हीटरजवळ तर कधीच नाही.
पोटात वर्तमानपत्र कोंबायचं
आणि वाळू द्यायचं तिच्या वेळेनं.

दोन दिवसांनी तेल, बोटानंच.
कातडं पितं आणि पिता पिता गडद होतं.
मूठ तेवढी आधीपासून काळी;
तिथे कुणाचा तरी चाळीस वर्षांचा हात आहे.
तो ग्लेनिस काढत नाही.

मग चष्मा कपाळावरून नाकावर.
झाकणाखालची शिवण:
मेणाचा दोरा, दोन सुयांचं काम,
इंचाला आठ टाके,
सगळे उजवीकडे कललेले, रांगेतल्या मुलींसारखे.
कोपऱ्यापासून सातवा मात्र
आडवा पडलेला.

ती आतला खिसा चाचपते.
पट्टीला कात्रीची खाच आहे.
खाच म्हणजे दुय्यम माल,
खाच म्हणजे कुणाच्या तरी पगारातून कपात.

चौऱ्याहत्तर साल. वीज आठवड्यातून तीनच दिवस.
बाकावर सहा जणी, दोघींत एक कंदील,
ग्लेनिस एकोणीस वर्षांची आणि
संध्याकाळी नाचाला जायची घाई.
मुकादम मिस्टर अनियन्स
(आडनाव खरंच तसं, कुणी हसायचं नाही)
बॅग उंच धरून म्हणाला, हे कुणाचं?
आणि स्वतःच उत्तर दिलं, डावखुरीचं, आणखी कुणाचं.
एव्हिस हॅडलीनं मान वर केली नाही.
तिचा टाका डावीकडे कलायचा, नेहमी डावीकडे,
बाकावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं.
अनियन्सला दिसायला हवं होतं.
पण कंदील ग्लेनिसच्या बाजूला होता
आणि ग्लेनिस दोऱ्याला मेण लावत बसली.

कातडं कमावावं लागतं:
चुन्यात, सालीच्या पाण्यात, महिनोन् महिने.
कातडी वाचवायला
एक क्षण गप्प बसलं तरी पुरतं.

एव्हिस ईस्टरनंतर आलीच नाही.
कुणी म्हणालं लग्न, कुणी म्हणालं कॅनडा.

आता सुई हातात आहे.
एक टाका उसवायचा, एक घालायचा, दोन मिनिटांचं काम,
शनिवारी बाजारात पंचवीस पौंड सहज येतील.
ती सुईचं टोक दोऱ्याखाली सरकवते.
थांबते.
काढते.
मग कोण बघतंय म्हणून
सुई डाव्या हातात घेते,
जुन्या पट्ट्याच्या तुकड्यावर चार टाके घालते.
टाके वाकडेतिकडे, बोट टोचलेलं,
पण कल डावीकडे.

पितळेची कडी टूथपेस्टनं घासून झालीये.
किमतीची चिठ्ठी लिहून झालीये, बांधलेली नाही.
बॅग दारामागच्या खुंटीवर, वर्तमानपत्र अजून पोटात.
बाकावरच्यांपैकी कोण उरलंय,
कोणाला फोन करावा,
आणि पलीकडून हॅलो आल्यावर
पहिलं वाक्य काय असावं,
एवढं फक्त ठरायचंय.
प्रिया विचारते, ही झाली का?
नाही, ग्लेनिस म्हणते, अजून ओली आहे.